न बघितलेल्या सिरीयलची पॅरडी कशी वाचायची

फोर्टातल्या फुटपाथवरून मी मॅड या अमेरिकन विनोदी मासिकाचे जुने अंक उचलायचो तेव्हा आमच्याकडे केबल आलेली नव्हती, टीव्ही म्हणजे दूरदर्शन. त्यामुळे झालं असं की अमेरिकन सिरीयल कळायच्या आधी त्यांचं विडंबन हातात पडलं. बरीच वर्षं मी ती पानं सरळ ओलांडायचो. डॉन मार्टिनचं एखादं पान, समासातली सर्जिओ आरागोनेसची नखाएवढी चित्रं, मागच्या कव्हरच्या आतलं, दुमडलं की नवं चित्र दाखवणारं अल जॅफीचं घडीचं पान, संपला अंक. पुढे एकदा प्रवासात दुसरं काहीच वाचायला नव्हतं म्हणून एक पॅरडी पहिल्या चौकटीपासून शेवटपर्यंत वाचली आणि लक्षात आलं की अंकातला सगळ्यात मेहनतीचा माल याच पाच-सहा पानांत असतो, आणि मूळ सिरीयल बघितली नसेल तरी तो वाचता येतो, फक्त वाचायची एक रीत आहे. तीच इथे लिहितोय. कारण आजही जुने अंक विकत घेतलेले लोक मला हेच सांगतात की "बाकी मस्त आहे, पण ते सिरीयलवालं काही कळत नाही".

आधी थोडं सामानाबद्दल. मॅड १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये कॉमिक बुक म्हणून निघालं, संपादक हार्वी कर्ट्झमन, प्रकाशक विल्यम गेन्स. १९५५ मध्ये २४व्या अंकापासून ते मोठ्या आकाराचं मासिक झालं. पॅरडीच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची, १९५७ पासून २००१ पर्यंत यात बाहेरच्या कुणाची जाहिरातच नव्हती. टीव्हीवर सिरीयल चालते ती जाहिरातदाराच्या पैशावर, आणि हे मासिक त्या जाहिरातदाराचं काहीच देणं लागत नव्हतं, त्यामुळे सिरीयलमधल्या साबणाला, सिगारेटला आणि कॉर्नफ्लेक्सलाही पॅरडीत सोडलेलं नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला खप वीस लाखांच्या वर गेला होता. म्हणजे ही चार टवाळांची चोपडी नव्हती, घराघरातली पोरं वाचत होती. क्रॅक्ड नावाचं याच धर्तीचं दुसरं मासिक १९५८ ला सुरू झालं, जॉन सेव्हरिनची चित्रं त्यात असायची, तेही मिळालं तर घ्या.

आता वाचायला बसा.

पहिलं पान, किंवा बऱ्याचदा समोरासमोरची दोन पानं, यावर सगळी पात्रं एकाच चित्रात उभी असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर फुगा असतो. या पानावर घाई अजिबात करू नका. बहुतेक वाचकांना वाटतं की गोष्ट पुढे सुरू होणार, हे नुसतं टायटल आहे. तसं नाही, सगळी सिरीयल इथेच समजावून दिलेली असते. प्रत्येक पात्र स्वतःच सांगतं की मी अमका, माझं काम दर आठवड्याला अमुक करणं. तुम्ही मूळ सिरीयल बघितली नसेल तर तुमच्यासाठी ही पात्रांची यादी आहे आणि ज्याने बघितलीय त्याच्यासाठी पहिला विनोदही. मी काय करतो, हे पान तीनदा वाचतो. एकदा नुसते चेहरे, एकदा फुगे आणि तिसऱ्यांदा कोण कुणाकडे बघतंय ते. तिसऱ्या वाचनात नाती कळतात, कोण साहेब, कोण चमचा, कोण कुणावर जळतंय, सगळं.

चेहऱ्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो कारण मॉर्ट ड्रकर. हा माणूस १९५६ मध्ये मॅडमध्ये आला आणि पुढची पाचेक दशकं त्याने नटनट्यांची अर्कचित्रं काढली. साधं अर्कचित्र म्हणजे नाक मोठं, कान मोठे, झालं. ड्रकरच्या चित्रात एकच माणूस प्रत्येक चौकटीत वेगळ्या कोनातून असतो, वेगळ्या भावात, आणि तरी तो तोच आहे हे लगेच कळतं. हाताची बोटंसुद्धा त्या नटाची असतात असं वाटावं इतकं बारीक काम. म्हणून नट ओळखीचा नसला तरी चार चौकटींनंतर तो ओळखीचा होतोच. टीव्हीच्या पॅरड्या पुढे बऱ्याचशा अँजेलो टोरेस काढायला लागला, त्याची रेघ जरा शांत आहे, घराच्या हॉलमधले सिटकॉम त्याला जास्त शोभतात हे माझं मत.

नंतर नावं. स्टार ट्रेक या अंतराळयानाच्या सिरीयलचं स्टार ब्लेक, ड्रॅगनेटचं ड्रॅग्ड नेट, ऑल इन द फॅमिलीचं गॉल इन द फॅमिली फेअर. इथे डिक्शनरी घेऊन बसू नका, तोंडाने मोठ्याने म्हणून बघा. ही सगळी कानाची गंमत आहे. "ब्लेक" हा मॅडचा घरचा आवाज आहे, आपण नको असलेल्या पदार्थाचा घास तोंडात गेल्यावर जो काढतो तसा. "फरश्लगिनर" यिडिशमधून, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतून आलेला, "पॉटरझेबी" हा तर मुळात पोलिश शब्द, कर्ट्झमनने उचलून कुठेही चिकटवलेला. त्यांचा अर्थ शोधण्यात वेळ घालवू नका, आवाज ऐका आणि पुढे चला.

मग येतं मागचं दृश्य. सुरुवातीच्या काळात विल एल्डर नावाचा चित्रकार होता, तो चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पाट्या, उंदीर, भिंतीवरचे कागद, मागून जाणारी भलतीच माणसं असं काय काय कोंबायचा. या कोंबलेल्या मालाला मॅडवाले "चिकन फॅट" म्हणायचे, कोंबडीच्या सूपवर तरंगणारी चरबी, पोषण कमी पण चव तिच्यातच. गोष्टीशी त्याचा संबंध नसतो पण काळाशी असतो, त्या वर्षी लोक काय विकत घेत होते, कशाला घाबरत होते, निवडणुकीला कोण उभं होतं, ते तिथे सापडतं. म्हणून पॅरडी एकदा सरळ वाचून झाली की दुसऱ्यांदा फुगे न वाचता फक्त कोपरे बघत जा.

आता तारखांचं, कारण इथे लोक चुकतात. अंकावर छापलेला महिना हा बाजारात आल्याचा महिना नसतो, अमेरिकन मासिकं त्याच्या कित्येक आठवडे आधी स्टॉलवर लागायची, आणि लिहून, चित्र काढून, छापून व्हायला त्याच्याही आधी वेळ गेलेला असतो. स्टार ब्लेक ११५व्या अंकात आलं, अंक डिसेंबर १९६७ चा, लेखन डिक डीबार्टोलोचं आणि चित्रं ड्रकरची. मूळ सिरीयल सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ ला. म्हणजे हिशोब करा, पॅरडी लिहिणाऱ्यापुढे मुख्यतः पहिला सीझन होता. म्हणून सोबत बघायचे तर पहिल्या सीझनचे एक-दोन भाग बघा, तिसऱ्या सीझनचा भाग बघून तो चिमटा कुठे बसला हे कळणार नाही. आणि गंमत पुढे आहे, १९७६ साली मॅडने याच स्टार ट्रेकवर अख्खं संगीत नाटक छापलं, फ्रँक जेकब्झने लिहिलेलं. तेव्हा सिरीयल बंद होऊन सात वर्षं झाली होती! बंद पडलेल्या सिरीयलवर कुणी सहा-सात पानं का घालवेल? कारण पुनःप्रक्षेपणात ती पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. तारखांचा असा मेळ घातला की एका पॅरडीतून सिरीयलचा सगळा प्रवास दिसतो. ज्यांनी १९८० च्या दशकात दूरदर्शनवर स्टार ट्रेक बघितली त्यांच्यासाठी तर हे दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

संगीतवाल्या पॅरड्यांसाठी वेगळी सूचना, त्या वाचू नका, म्हणा. वर लिहिलेलं असतं की अमक्या गाण्याच्या चालीवर, ती चाल आधी ऐका मग शब्द त्यावर बसवा, एकेक अक्षर बरोबर मात्रेवर पडतं. यावरून कोर्टकचेरीसुद्धा झालीय. अर्व्हिंग बर्लिन आणि इतर गीतकारांच्या प्रकाशकांनी मॅडवर दावा लावला होता आणि १९६४ साली न्यूयॉर्कमधल्या फेडरल अपील कोर्टाने मॅडच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधीश अर्व्हिंग कॉफमन यांनी त्यात म्हटलं की विडंबनाला बरंच मोकळं रान मिळायला हवं, मूळ कृती आठवण्यापुरतं जेवढं लागतं तेवढं उचलायला हरकत नाही. मला हे वाचकासाठीही कामाचं वाटतं. पॅरडी वाचताना सतत विचारायचं की मूळ सिरीयलमधलं नेमकं काय उचललंय, कारण जे उचललंय ते त्या सिरीयलचं हाड आहे, ते काढलं तर सिरीयल उभीच राहणार नाही.

उदाहरण देतो. ड्रॅगनेट ही लॉस एंजेलिसच्या पोलिसांची सिरीयल, आधी रेडिओवर मग टीव्हीवर. तिचा जीव कशात होता तर त्या चार सुरांच्या धडाक्यात, काही घडलं की वाजायचे. छापील पानावर संगीत कसं आणणार? कर्ट्झमन आणि एल्डरने ते सूर सरळ अक्षरांत लिहून चौकटीत घातले, "डॉम्म द डॉम डॉम", परत परत. तुम्ही ड्रॅगनेटचा एक सेकंदही बघितला नसेल तरी ही चौकट बघून कळतं की या सिरीयलमध्ये काहीही झालं की धडाम वाजतं. आपल्या डेली सोपमध्ये फुलदाणी पडली तरी वीज कडाडते, तेच हे, त्यामुळे मराठी वाचकाला हे समजवावं लागत नाही.

दुसरा प्रकार जरा अवघड, एका दगडात दोन पक्षी. १७व्या अंकात, नोव्हेंबर १९५४, "व्हॉट्स माय शाइन" नावाची पॅरडी आहे. वरून बघितलं तर ती व्हॉट्स माय लाइन या क्विझची, ज्यात पाहुण्याचा धंदा ओळखायचा असतो. आत बघितलं तर ती, दिसेल त्याच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप करणारे सिनेटर मॅकार्थी आणि अमेरिकन लष्कर यांच्या सुनावणीची आहे. ही सुनावणी त्याच वर्षी एप्रिल ते जून टीव्हीवर लाइव्ह दाखवली गेली आणि लाखो लोकांनी ती सिरीयलसारखी बघितली. मॅडने नेमकं हेच पकडलं की तुम्ही सुनावणी क्विझ शोसारखी बघताय ना, मग घ्या, क्विझ शोच करून देतो. त्या काळात मॅकार्थीबद्दल बोलायला लोक कचरत होते हे लक्षात ठेवून वाचा, अंगावर काटा येतो. अशी पॅरडी ओळखायची खूण म्हणजे काही चेहरे नटांचे वाटत नाहीत, कोट-टायवाले, फायली घेतलेले. असं दिसलं की पान थांबवा आणि अंकाच्या आधीचं सहा महिन्यांचं राजकारण शोधा.

आता वेगवेगळ्या देशांचं, जे मला सगळ्यात आवडतं.

मॅडच्या बाहेरच्या देशांतल्या आवृत्त्या निघत होत्या. ब्रिटनची १९५९ ला, स्वीडनची १९६० ला, जर्मनीची १९६७ ला, ब्राझीलची १९७४ ला, ऑस्ट्रेलियाची १९८० ला. यात बराचसा माल अमेरिकन असायचा, जिथे गरज तिथे भाषांतर केलेला, आणि मध्ये मध्ये तिथल्या लोकांनी तिथल्या टीव्हीवर केलेलं काम. तर असा अंक हाती आला तर पहिलं काम, कुठली पॅरडी बाहेरची आणि कुठली घरची ते वेगळं करा. सोपी युक्ती आहे, सही बघा. ड्रकर, टोरेस, जॅक डेव्हिस अशी नावं असतील तर ती अमेरिकेची. अनोळखी सही आणि चित्रातल्या रस्त्यावरच्या गाड्या, पोलिसांच्या टोप्या, घरातलं फर्निचर वेगळं दिसलं तर ती तिथली, आणि तिच्यासाठीच तो अंक जपून ठेवायचा.

जर्मन आवृत्तीचं संपादन वीसेक वर्षं हर्बर्ट फॉयरस्टाइन यांनी केलं, मूळचे ऑस्ट्रियाचे, पुढे स्वतःच जर्मन टीव्हीवरचे विनोदवीर झाले. अमेरिकन सिरीयलची पॅरडी जर्मनमध्ये आणायची म्हणजे नुसतं भाषांतर करून चालत नाही, नावातली कोटी तर आधी मरते. त्यामुळे तिथे आवाजांचे नवे शब्द केले गेले, क्रियापदाची शेपूट तोडून नुसतं मूळ ठेवायचं, जसं घशात अडकल्याचं "व्युर्ग". हे शब्द पोरांच्या तोंडी इतके बसले की जर्मन बोलण्यात आजही असलं शेपूट तोडलेलं क्रियापद ऐकू येतं. जर्मन येत नसेल तरी हे आवाज मोठ्या अक्षरात असतात, चित्राबरोबर कळतात.

आणि आता ऑल इन द फॅमिली, ज्यासाठी मी कुणालाही अर्धा तास बसवून ठेवू शकतो. जानेवारी १९७१ ला अमेरिकेत सुरू झाली, त्यातला आर्ची बंकर म्हणजे काळ्यांपासून ज्यूंपर्यंत सगळ्यांबद्दल पूर्वग्रह बाळगणारा, आरामखुर्चीतून घरावर राज्य करणारा बाप. मॅडची पॅरडी डिसेंबर १९७१ च्या अंकात, म्हणजे वर्ष पूर्ण व्हायच्या आत. पण आर्ची मुळात ब्रिटिश आहे! बीबीसीवर १९६५ पासून टिल डेथ अस डू पार्ट चालू होती, जॉनी स्पाइटने लिहिलेली, तिच्यातला आल्फ गार्नेट हाच तो बाप. आणि १९७३ ला जर्मनांनी आपली केली, आइन हर्त्स उंट आइने झेले, तिथे त्याचं नाव आल्फ्रेड टेट्झलाफ. तीन देश, एकच खुर्चीतला म्हातारा, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे शत्रू वेगळे. म्हणून मॅडची ही पॅरडी वाचायची असेल तर माझं ऐका, आधी ब्रिटिश मूळ भाग एक बघा, मग अमेरिकन एक, मग पॅरडी. मग तुम्हाला कळेल टोरेसने कशाची टर उडवलीय, म्हाताऱ्याची की त्याच्यावर हसून स्वतःला शहाणे समजणाऱ्या प्रेक्षकांची. माझं उत्तर दर वाचनाला बदलतं.

ब्राझीलच्या आवृत्तीत ओता नावाच्या संपादकाच्या काळात टीव्ही ग्लोबोच्या नोव्हेलांवर भरपूर काम झालं. नोव्हेला म्हणजे आठवड्याचे सहा दिवस चालणारी कौटुंबिक सिरीयल. मराठी वाचकाला ही पानं अमेरिकन पानांपेक्षा लवकर पचतात, कारस्थानी आत्या, दाराआडून ऐकणं, लग्नाच्या मांडवात उघड होणारं गुपित, हे सगळं आपण रोज साडेसातला जेवताना बघतो. फरक एकच, नोव्हेला दीडशे-दोनशे भागांत संपतेच. त्यामुळे शेवट काय होणार यावर सगळा देश पैज लावतो आणि पॅरडीवाल्यालाही ती संपायच्या आत अंक काढावा लागतो. हे लक्षात असलं की त्या पानांवरची घाई कळते.

आपल्या पिढीला एक फायदा आहे जो अमेरिकन वाचकाला नव्हता. दूरदर्शनने आपल्याला जर्मनीची द ओल्ड फॉक्स दाखवली, जपानची ओशिन दाखवली. दुसऱ्या देशाचं घर, जेवण, पोलीस, सासू हे डब केलेल्या आवाजात बघायची सवय आपल्याला आधीच आहे. ती सवय इथे वापरा.

वाचलेलं पक्कं झालं की नाही हे तपासायचं असेल तर एक व्यायाम करा. घरात रोज लागते ती सिरीयल घ्या, तीन भाग बघा, त्यातला एक आवाज बंद करून, आणि फक्त पहिल्या पानाचे फुगे लिहा. प्रत्येकाने स्वतःबद्दल दोनच वाक्यं बोलायची, आणि ती खरी असली पाहिजेत. मी केलेलं असं होतं. सासू म्हणते, "मी या घरातली मोठी, रात्री अडीचलाही मी पैठणी आणि नथ घालूनच झोपते." सून म्हणते, "माझ्याविरुद्धचं कारस्थान मी पडद्याआडून शेवटपर्यंत ऐकलंय, आता पुढचे ऐंशी भाग मी ते कुणालाही सांगणार नाही." नवरा म्हणतो, "मी कोण? गेल्या वर्षीही मी हेच विचारत होतो." कोपऱ्यात स्वयंपाकाच्या मावशी, "या घराचा बिझनेस काय आहे ते मलाही माहीत नाही, पण फाइलवर सही घ्यायला रोज कुणीतरी येतं." यात मी काहीच बनवलेलं नाही, जे पडद्यावर असतं तेच पात्रांच्या तोंडी दिलं. वाईट पॅरडी लांबून लिहिलेली असते, नुसतं नाव बदललेलं आणि शिव्या. चांगली लिहिणाऱ्याने सगळे भाग बघितलेले असतात आणि बहुतेक वेळा त्याला ती सिरीयल आवडतही असते.

हे लिहून छापायचं असेल, कॉलेजच्या अंकात किंवा दिवाळी अंकात, तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची सूट आहे, पॅरडी हा शब्द मात्र तिथे नाही. म्हणून सिरीयलमधले फोटो किंवा संवाद जसेच्या तसे उचलू नका, चित्रं स्वतः काढा, संवाद नवे लिहा. तसंही जसंच्या तसं उचललेलं कधी हसवत नाही.

जाता जाता जुना अंक विकत घेताना, शेवटचं घडीचं पान नक्की बघा. ते जॅफीने १९६४ ला सुरू केलं, पानाच्या दोन कडा जोडल्या की मधलं चित्र नाहीसं होऊन नवंच दिसतं. आवाज दिवाळी अंकातली खिडकीचित्रं ज्यांनी बघितलीत त्यांना यात आपलं काहीतरी सापडेल, फक्त उलटं, तिथे खिडकी उघडली की गुपित दिसतं आणि इथे पान मिटलं की. आधीच्या मालकाने पान घडी घालून ठेवलं असेल तर अंकाची किंमत कमी व्हायला हवी, दुकानदाराशी घासाघीस करा. तुम्ही स्वतः मात्र घडी घालू नका, पान हलकेच वाकवून कडा जवळ आणल्या तरी चित्र जुळतं. आणि मधली पॅरडीची पानं पूर्ण आहेत ना ते मोजून घ्या, पिना गंजल्या की मधलं जोडपान आधी सुटतं.